करारपत्रात मुलांसाठी एक रकाना हवा

मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळ,
कोल्हापूर जिल्ह्यातील सर्व सहकारी व खासगी साखर कारखाने
यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला. आमच्या शाळेसमोरच्या गायरानातल्या तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, दुपारपर्यंत उतरल्या, तिन्हीसांजेला ट्रॅक्टर लागले आणि पाच महिने इथं राबलेली माणसं भांडीकुंडी, शेळ्या, पोरंबाळं ट्रॉलीत घालून बीडकडं निघाली. ट्रॉली हलणार एवढ्यात नऊ वर्षांची एक मुलगी पळत शाळेच्या दारात आली. हातात पाटी, तिसरीचं पुस्तक आणि बोटभर उरलेली पेन्सिल. "बाई, हे जमा करून घ्या," म्हणाली. मी म्हटलं, "अगं, हे तुझंच आहे. घेऊन जा." तिला पटेना. कोपीचे बांबू आणि चटया मुकादमानं त्याच दुपारी मोजून परत घेतल्या होत्या. हंगामापुरतं मिळालेलं हंगाम संपला की परत द्यायचं, एवढंच तिनं आजवर पाहिलेलं. शेवटी मी पुस्तकाच्या पहिल्या पानावर तिचं नाव लिहिलं, त्याखाली तिच्या गावाचं आणि गावच्या शाळेचं. तिनं ते बोट ठेवून वाचलं, एकदा मनात, एकदा मोठ्यानं. मग पुस्तक पोटाशी धरून पळाली.

ही मुलगी आमच्याकडं आली डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. तिची टोळी मात्र दिवाळी सरताच जिल्ह्यात उतरली होती, आमच्यापासून जेमतेम सात किलोमीटरवर. मधले पाच-सहा आठवडे ती कुठं होती हे कारखान्याच्या शेती खात्याला ठाऊक होतं. आम्हाला नव्हतं, आणि त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेलाही नव्हतं. हे पत्र त्या पाच-सहा आठवड्यांसाठी लिहिते आहे.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. करवीर तालुक्याच्या एका गावाबाहेर आम्ही काही जण मिळून ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शाळा चालवतो, लोकांच्या देणग्यांवर. पण मी बाहेरून बोलणारी बाई नाही. आमचा पावणेदोन एकर ऊस आहे. कारखान्याचा शेअर आधी सासऱ्यांच्या नावावर होता, आता घरच्यांच्या नावावर आहे. उसाच्या बिलावर आमचं घर बांधलं गेलं, मुलं शिकली, नणंदेचं लग्न झालं. या जिल्ह्यात सहकारी साखर कारखान्यानं काय दिलं हे मला कुणी सांगायला नको. म्हणूनच हे मागणं तुमच्याकडं हक्कानं करते.

शाळेची सुरुवात आमच्याच फडात झाली. बारा वर्षांपूर्वी आमच्या उसाला टोळी आली. तोड लांबलेली, उसाला तुरे आलेले, सासरे कावलेले. खुशालीवरून, म्हणजे टोळीला वर द्यायच्या पैशांवरून, आदल्या दिवशी बोलाचाली झालेली. मी चहा घेऊन गेले तर सरीत पाचट अंथरून त्यावर तान्हं बाळ निजवलेलं, वर आईच्या साडीची सावली, आणि सहा-सात वर्षांची त्याची बहीण राखण बसलेली. ट्रॅक्टर भरायला मागं यायला लागला. चालवणाऱ्याला बाळ दिसत नव्हतं. पाचटाचा रंग आणि त्या धडुत्याचा रंग एकच. ती पोर उठली, बाळ काखेत मारलं, चार सऱ्या पलीकडं जाऊन बसली आणि पुन्हा त्याला थोपटायला लागली. रडली नाही, ओरडली नाही. तिच्या दृष्टीनं ते रोजचंच होतं. माझ्या हातातली किटली मात्र खाली पडली. नंतर मी तिला विचारलं, "कितवीत आहेस?" म्हणाली, "पहिलीत. पण तिकडं."

"पण तिकडं." त्यानंतर हे उत्तर मी कितीतरी मुलांच्या तोंडून ऐकलं. तिकडच्या हजेरीपटावर नाव आहे आणि पोर इकडं आहे. इकडं पोर आहे आणि कुठल्याच कागदावर तिचं नाव नाही. जूनमध्ये तिकडं शाळा सुरू होते, दिवाळीपर्यंत ही मुलं शाळेत जातात, आणि दुसरं सत्र उघडतं तेव्हा ती आपल्या गायरानात असतात. परत जातात तेव्हा तिकडं परीक्षेचे दिवस. दर वर्षी अर्धं वर्ष असं गळतं. चौथी-पाचवीपर्यंत मूल वर्गात मागं पडतं, मग त्याला लाज वाटते, मग ते शाळाच सोडतं. बारा-तेरा वर्षांचा मुलगा हातात कोयता घेतो. मुलगी असेल तर तिचं लग्न लावून देतात, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि उचल, म्हणजे कामाचे आगाऊ पैसे, कोयत्यामागं मिळते.

आमची शाळा कशी चालते ते थोडं सांगते. आईबाप पहाटे चारला फडावर जातात, म्हणून शाळा लवकर, सकाळी आठला उघडते. आईबाप दिवस बुडाल्यावर येतात, म्हणून संध्याकाळी सहापर्यंत उघडी राहते. मुली धाकट्या भावंडांना घेऊनच येतात. सुरुवातीला आम्ही म्हणायचो, बाळं आणू नका. तर मुलीच यायच्या बंद झाल्या. मग आम्ही शेडच्या एका बाजूला चार झोळ्या बांधल्या, एक मावशी ठेवल्या, आणि मुली पुन्हा आल्या. ऊसतोडीच्या मुलांसाठी शाळा काढणाऱ्यानं आधी पाळणाघर काढावं, हे शिकायला आम्हाला एक अख्खा हंगाम गेला. वर्ग इयत्तेप्रमाणं नाहीत. कोण अक्षरं ओळखतं, कोण शब्द वाचतं, कोण ओळ वाचतं, असे गट आहेत. काही मुलं घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतात, विजापूरकडची कन्नड. मोठी मुलं जरा रुळली की त्यांना जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवतो, आणि तिथले शिक्षक त्यांना आपुलकीनं सामावून घेतात हे मुद्दाम सांगायला हवं. हंगाम संपला की प्रत्येक मुलामागं एक पत्र त्याच्या गावच्या शाळेला जातं: इतके दिवस हजर होता, इथपर्यंत वाचतो, इथपर्यंत गणित येतं. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शासनाचं शिक्षण हमी कार्डही आहे. ते घेऊन येणारी मुलं आम्हाला फार थोडी भेटली.

गेल्या जानेवारीतली एक गोष्ट. दहा वर्षांचा एक मुलगा हातच्याची वजाबाकी नुकतीच शिकला होता. एका सकाळी वडिलांचा हिशेबाचा कागद घेऊन आला. आतापर्यंत किती टन तोडला त्याचे पैसे एकीकडं, मुकादमाकडून घेतलेली उचल दुसरीकडं. त्यानं पाटीवर दोन्ही आकडे एकाखाली एक मांडले, तोडीचा वर, उचलीचा खाली. बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "बाई, हे वजाच होत नाही. वरचा आकडा लहान आहे." त्याची मांडणी बरोबर होती. मी त्याला आकडे उलटे मांडायला सांगितले. त्यानं उत्तर काढलं, कागदाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं आणि कागद घडी करून खिशात घातला. त्या रात्री त्याच्या वडिलांना पहिल्यांदा मुकादमाला न विचारता कळलं की अजून किती फेडायचंय.

शिकवण्याचं काम अवघड आहे, पण ते जमतं. जे जमत नाही ते मूल सापडणं.

दिवाळीचा पाडवा झाला की आमचा शोध सुरू होतो. दोन शिक्षिका एका स्कूटीवर. बैलगाडीच्या टोळ्या कारखान्याच्या तळावर असतात, त्या लगेच सापडतात. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या मात्र गावोगाव विखुरतात. कुणी गायरानात, कुणी ओढ्याकाठी, कुणी एखाद्याच्या पडक रानात. कुडित्रेपासून परितेपर्यंत आणि खाली कागल, हुपरी, शिरोळकडं कितीशी गावं आहेत ते बघा. आमच्या खुणा ठरलेल्या आहेत. संध्याकाळी गावाबाहेर नवा धूर दिसला तर तिकडं वळायचं. रस्त्याकडेला वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकायला मांडलेल्या दिसल्या तर विचारायचं. सगळ्यात भरवशाची खूण पिठाची गिरणी. आपल्याकडं दळणाला जोंधळा येतो. एखाद्या गावात अचानक बाजरी यायला लागली की गिरणीवाला सांगतो, "बाई, आल्या बघा तुमच्या टोळ्या." पण गिरणीवाल्याकडं जाईपर्यंत दोन आठवडे झालेले असतात. एवढं करून टोळी सापडते, मुलं यायला लागतात आणि त्या गावातला ऊस संपून टोळी दुसरीकडं हलते. मग पुन्हा पहिल्यापासून.

मागच्या हंगामात असंच हिंडताना एका चिटबॉयची, म्हणजे कारखान्याच्या तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या पोराची, गाठ पडली. माझाच जुना विद्यार्थी. त्याला म्हटलं, बाबा, या भागात किती टोळ्या आहेत? त्यानं मोबाईल काढला आणि झाडाखाली उभ्या-उभ्या दाखवलं. टोळी क्रमांक, वाहतूकदार, मुकादम, किती कोयते, कुठल्या गावात, कुठल्या गटात तोड चालू, उद्या कुठं जाणार. जे शोधायला आम्हाला महिना लागतो ते त्याच्या तळहातावर होतं. मी विचारलं, "आणि मुलं किती?" त्यानं बोटानं पडदा वर सरकवला, खाली सरकवला. त्याचा आवाज उतरला. म्हणाला, "बाई, पोरांचा कॉलमच नाही."

संचालक महोदय, माझं मागणं तेवढंच आहे. तो कॉलम हवा.

तुमची नोंद ठेवण्याची पद्धत मी सभासद म्हणून जवळून पाहिली आहे आणि मला तिचा आदर वाटतो. कुठल्या गटात किती गुंठे, लागण कोणत्या तारखेची, आडसाली की खोडवा, जात को ८६०३२ की को एम ०२६५, सगळं लिहिलेलं असतं. वजनकाट्यावर भरलेली गाडी आणि रिकामी गाडी दोन्ही मोजली जातात. गाडीमागं बैलजोडीची नोंद असते. उसातून निघणाऱ्या साखरेचा उतारा तर दशांश चिन्हापुढच्या दोन आकड्यांपर्यंत रोज फळ्यावर लागतो, आणि शेजारच्या कारखान्यापेक्षा तो एका शतांशानं खाली आला तरी सभासद वार्षिक सभेत जाब विचारतात. इतकी बारीक नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेला मुलांची चार माणसांत विचारून होणारी नोंद जड जाईल असं मला वाटत नाही.

करार करताना प्रत्येक टोळीसोबत येणाऱ्या मुलांचं नाव, वय, इयत्ता आणि गावची शाळा लिहून घ्या. टोळी ज्या गावात उतरेल त्या गावाचं नाव पहिल्या आठवड्यात तिथल्या मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांना कळवा. टोळी हलली की पुन्हा कळवा. ही यादी कुठल्याही संस्थेच्या हाती सरसकट द्या असं मी म्हणत नाही. लहान मुलांची माहिती आहे, ती शिक्षण खात्याकडंच राहावी. आम्हाला त्यांच्याकडून कळेल.

आता तुमच्याकडून मला आजवर मिळालेली उत्तरं. ही मी मनानं रचलेली नाहीत, वेगवेगळ्या कार्यालयांत समोर बसून ऐकलेली आहेत.

"कामगार आमचे नाहीत. आमचा करार वाहतूकदाराशी असतो." कागदावर हे खरं आहे. कारखाना वाहतूकदाराला उचल देतो, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम टोळीला. पण कोणत्या दिवशी कोणत्या गावात कोणाचा ऊस तोडायचा हे तुमचंच शेती खातं ठरवतं. ज्याच्या शब्दावर टोळी रात्रीत एका गावातून दुसऱ्या गावात जाते, त्याला टोळीत मुलं किती हे विचारायचा अधिकार नक्कीच आहे.

"मुलांची नावं लिहिली तर उद्या बालकामगार ठेवल्याचा ठपका आमच्यावर येईल." ही भीती एका शेती अधिकाऱ्यानं दार लोटून घेऊन, प्रामाणिकपणे बोलून दाखवली. मला त्यांचा राग आला नाही. पण उलट बाजूनं बघा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवण्यावर २०१६च्या दुरुस्तीनंतर बंदी आहेच. मूल नोंदीत असेल आणि रोज शाळेच्या हजेरीवर असेल, तर ते फडात नव्हतं याचा यापेक्षा चांगला पुरावा कुठला? नाव न लिहिल्यानं मूल फडातून नाहीसं होत नाही. तिथं काही अपघात झाला तर ते कोण, कुठलं, एवढंही सांगता येत नाही.

"मुलांना गावीच ठेवावं, तिकडं हंगामी वसतिगृहं आहेत." जिथं ती नीट चालतात तिथं मुलं राहतात, आणि राहावीतच. पण ज्या घरात आजी-आजोबा नाहीत किंवा तेही कोयत्यावर आलेत, तिथलं मूल कुणाकडं ठेवायचं? आणि तान्हं बाळ आईबरोबर येणारच. ते आलं की त्याला सांभाळायला मोठी बहीण येते. आमच्या पटावर मुलगे कमी आणि मुली जास्त का, याचं कारण या एका वाक्यात आहे.

"आता हार्वेस्टर येतायत, चार-पाच वर्षांत प्रश्नच संपेल." आपल्याकडची वावरं गुंठ्यांत मोजायची, बांधाला बांध लागलेला, डोंगराकडेची रानं उताराची. यंत्र सगळीकडं पोचेल तेव्हा पोचेल. जी मुलगी आज सात वर्षांची आहे ती तोवर बारा वर्षांची झालेली असेल.

ही गोष्ट कायद्यातही स्पष्ट लिहिलेली आहे. शिक्षण हक्क कायदा २००९चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळा मिळायलाच हवी. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारी त्याच्या नवव्या कलमानं स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयाप्रमाणं वर्गात बसवायचं, हेही त्यात आहे. या कायद्यानंतर पूर्वीच्या साखरशाळा, म्हणजे हंगामात कारखान्यांवर या मुलांसाठी भरणाऱ्या शाळा, बहुतेक ठिकाणी बंद झाल्या. विचार असा होता की वेगळ्या शाळा नकोत, मुलं नेहमीच्या शाळेतच जावीत. विचार चांगलाच होता. पण त्यासाठी शाळेला मूल दिसायला हवं, आणि मूल कुठं आहे ते फक्त तुम्हाला माहीत असतं.

कोल्हापूरच्या माणसाला या विषयात दाखला द्यायला लांब जावं लागत नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि पहिली शाळा ४ मार्च १९१८ रोजी चिखलीत सुरू झाली. तेच चिखली, जिथं कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीचा संगम होतो आणि पूर आला की पहिलं पाणी ज्या गावांत शिरतं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. आपण भाषणात त्या एका रुपयाचं कौतुक करतो. मी शिक्षिका असल्यानं मला त्यामागची दुसरी गोष्ट दिसते. दंड करायचा तर कुणाचं मूल शाळेत नाही हे सरकारला आधी माहीत पाहिजे. म्हणजे गावातलं मूल न् मूल कुणीतरी मोजलेलं असलं पाहिजे. ६ मे २०२२ला महाराजांच्या स्मृतिशताब्दीला अख्खं कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. मीही शाळेसमोरच्या रस्त्यावर उभी होते. समोर गायरान मोकळं होतं, टोळ्या गेलेल्या होत्या, चुलीचे दगड तेवढे राहिले होते. त्या शंभर सेकंदांत मला सारखं वाटत होतं की महाराज असते तर या चुली कुणाच्या होत्या हे त्यांनी आधी विचारलं असतं.

पैशाबद्दलही बोलते, नाहीतर गैरसमज होईल. मी तुमच्याकडं देणगी मागायला आलेली नाही. शाळा चालवायला पैसे लागतात, कायम कमी पडतात, हे खरं. वह्या आणि दप्तरं द्यायला लोक पुढं येतात, पण जूनमध्ये. आमची मुलं नोव्हेंबरात येतात. वाढदिवसाला खाऊ वाटायला माणसं येतात, त्यांचे आभारच आहेत. पण शिक्षिकेचं मानधन, मावशींचा पगार, स्कूटीचं पेट्रोल यासाठी पावती फाडायला फार कुणी तयार होत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही. तरीही आम्ही निभावतो. आपल्याच कुंभोजला जन्मलेल्या भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत मुष्टिफंड होता, घरोघरच्या मूठभर धान्यावर वसतिगृहातली मुलं जेवली. आमच्या गावातल्या बायकांनी तेच उचललं. आठवड्याच्या दळणातून प्रत्येकीची दोन मुठी बाजूला निघतात आणि दुपारचं जेवण त्यातून होतं. ज्या शेतकऱ्याचा ऊस या टोळ्या तोडतात, त्याच्याच घरातून त्या टोळीच्या पोरांना भाकरी मिळते. या टोळ्यांबद्दल आमच्या गावात तक्रारी नाहीत असं नाही. ट्रॅक्टरवाल्याला द्यावे लागणारे एंट्रीचे पैसे, अडवणूक, पळवलेली उचल, सगळं घडतं आणि आम्हीही ते सोसलं आहे. उचल घेऊन टोळी न आल्यानं बुडालेला वाहतूकदार आमच्या भावकीत आहे. पण भांडण मोठ्यांचं आहे. आमच्या गावातल्या बायकांनी पोरांना त्यातून बाजूला काढलं, मला कुणाला समजावत बसावं लागलं नाही.

एक दृश्य मात्र मनातून जात नाही, ते सांगते. आमच्या भागातल्या एका कारखान्याच्या तळाजवळून रोज सकाळी कारखान्याच्याच शाळेची बस जाते. आत अधिकाऱ्यांची, सभासदांची मुलं, गणवेश, पाण्याच्या बाटल्या. माझा नातूही एका वर्षी त्याच बसनं जायचा. बस वळणावर हळू होते तेव्हा कोप्यांतली मुलं रांगेनं उभी राहतात आणि हात हलवतात. आतलीही हलवतात. एकदा कोप्यांतल्या एका मुलाला मी विचारलं, रोज कुणाला हात करतोस रे? म्हणाला, "शाळेला."

तुमच्यातल्या बऱ्याच कारखान्यांनी शाळा, कॉलेजं, वाचनालयं उभी केली आहेत, ती चांगली चालतात. तळाजवळ एक मोठी खोली, दिवा, पाणी आणि संडास एवढं दिलं तरी बाकीचं आमच्यासारख्या संस्था आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक मिळून करू शकतात. वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी 'अवनि'सारख्या संस्थेनं याच जिल्ह्यात ते करून दाखवलंय. पण खोलीसुद्धा नंतर. खोली बांधायला अंदाजपत्रक लागतं, मंजुरी लागते. रकान्याला छपाईचा खर्चही नाही, तुमचं सगळं संगणकावरच आहे.

पुढच्या हंगामाचे करार पावसाळ्यात होतील. त्याआधी संचालक मंडळाच्या एखाद्या बैठकीत हा विषय पाच मिनिटं घ्यावा अशी विनंती आहे. मुलांच्या नोंदीचा एक साधा नमुना आम्ही तयार केला आहे, अर्ध्या पानाचा. बोलावलंत तर घेऊन येते. गट कार्यालयात मुकादम करारावर सही करायला येतात त्या दिवसांत आमच्या शिक्षिका शेजारी टेबल टाकून बसायला तयार आहेत. तुमच्या कर्मचाऱ्यांवर जादा काम पडणार नाही. एकाच कारखान्यानं, एकाच गटात, एका हंगामापुरतं करून बघितलं तरी चालेल. दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात किती मुलं शाळेत बसली ते मार्चअखेर मी स्वतः येऊन सांगेन, हजेरीपटासह.

पुस्तक घेऊन गेलेली ती मुलगी पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा येईल. कुठल्या गावात उतरेल हे तिला माहीत नाही, तिच्या आईलाही नाही. ते तुमच्या शेती खात्यात ठरेल. ज्या दिवशी ठरेल त्या दिवशी त्या गावच्या शाळेला एक फोन जाऊ द्या.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक सभासद-घरची निवृत्त शिक्षिका
ता. करवीर, जि. कोल्हापूर